प्लग बदलले, कॉइल बदलली, तरी पाचवा सिलिंडर मिसिंग मारतोय

प्रश्न थोडक्यात असा आहे. व्ही८ पेट्रोल इंजिनाची पिकअप, दीड लाख किलोमीटरच्या पुढे चाललेली. सकाळी थंड इंजिन चालू केलं की मिनिटभर थरथरतं, एक सिलिंडर काम करत नसल्याचं कानाला कळतं, मग हळूहळू सुरळीत होतं. रिकामी गाडी दिवसभर ठीक चालते. ट्रेलर जोडून चढ लागला की मात्र पुन्हा धक्के बसतात आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागतो. स्कॅनरवर कोड येतो पी०३०५, म्हणजे पाचव्या सिलिंडरचं मिसफायर (पाळी असताना न पेटणं). आठही स्पार्क प्लग बदलून झाले, पाचव्याला नवी कॉइल (प्लगला ठिणगीचं व्होल्टेज देणारी) घातली, फरक पडला नाही. आता पेट्रोल फवारणारा इंजेक्टर बदलावा की इंजिनाचा कंप्युटर, असं विचारलंय. आणि शेवटी जाता जाता एक वाक्य लिहिलंय: कूलंट अधूनमधून थोडं भरावं लागतं, पण गाडीखाली कुठे थेंब दिसत नाही.

माझं मत आधीच सांगतो. इंजेक्टरही नको आणि कंप्युटरही नको, निदान अजून तरी. तुमच्या सगळ्या मजकुरात मला सर्वात महत्त्वाचं वाटलं ते शेवटचं कूलंटचं वाक्य. इतकी वर्षं या कामात आहे, त्यावरून सांगतो: एकच सिलिंडर, थंडपणी त्रास, ओझ्याखाली त्रास आणि बाहेर न दिसता कमी होणारं कूलंट, या चार गोष्टी एकत्र आल्या की मी पार्ट बदलणं थांबवतो आणि मोजमाप सुरू करतो. कूलंट त्या सिलिंडरमध्ये जात असण्याची शक्यता इथे बरीच आहे. ती खात्री नाही, शक्यता आहे. म्हणून इंजिन उघडण्याआधी ती सिद्ध किंवा रद्द कशी करायची, हेच या उत्तरात मुख्यतः सांगणार आहे.

त्याआधी एक तातडीची गोष्ट. दिवा स्थिर जळतो तेव्हा गाडी जपून गॅरेजपर्यंत नेता येते. दिवा लुकलुकतो तेव्हा कंप्युटर सांगत असतो की मिसफायर इतकं आहे की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणारा डबा, खराब होईल. न जळलेलं पेट्रोल आणि हवा एक्झॉस्टमधून कन्व्हर्टरमध्ये पोचतात आणि तिथे जळतात. आतली जाळी तापून वितळते आणि मग एक्झॉस्टच तुंबतो. तेव्हा निदान होईपर्यंत ट्रेलर जोडू नका. आणि कूलंट खरोखरच सिलिंडरमध्ये उतरत असेल तर दुसरा धोका त्याहून मोठा आहे. रात्रभरात तिथे जास्त द्रव साठला आणि सकाळी सेल्फ मारला, तर पिस्टन त्या द्रवावर आपटतो. द्रव दाबला जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. सेल्फ मारताना इंजिन अर्ध्यात अडकल्यासारखं वाटलं तर दुसऱ्यांदा सेल्फ मारू नका. आधी प्लग काढा.

आता कोडबद्दल. पी०३०५ वाचून लोक समजतात की कंप्युटरने पाचव्याची ठिणगी गेलेली पाहिली. तसं नसतं. कंप्युटर क्रँकशाफ्टचा, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याचा, वेग मोजतो. चार स्ट्रोकच्या व्ही८ मध्ये दर ९० अंशांनी एक सिलिंडर पेटतो आणि क्रँकला किंचित झटका देतो. पाचव्याची पाळी असताना तो झटका आला नाही, क्रँक मंदावला, की पाचव्याच्या नावावर एक मिसफायर मांडलं जातं. का मंदावला हे त्याला माहीत नसतं. ठिणगी नसेल, पेट्रोल नसेल, दाब नसेल, किंवा सगळं असूनही मिश्रणात पाणी असेल, नोंद एकच होते. कोड जागा दाखवतो, कारण दाखवत नाही. तुमच्या इथे प्लग आणि कॉइलवर खर्च झाला तो या फरकामुळे. पण त्या निर्णयाला मी चूक म्हणणार नाही. ओझ्याखाली सिलिंडरमधला दाब वाढतो, दाब वाढला की प्लगच्या फटीतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि अशक्त कॉइल किंवा झिजलेला प्लग नेमका तिथे हार मानतो. चढावर मिसफायर म्हटल्यावर पहिला संशय इग्निशनवर घेणं रास्तच आहे. फक्त तिथून पुढे अंदाजाने जाऊ नये.

सर्वात आधी एक साधी खात्री करून घ्या: बदललेली कॉइल पाचव्याचीच होती ना? सिलिंडरचे क्रमांक सगळ्या कंपन्या सारखे देत नाहीत. चालकाच्या सीटवर बसून पुढे बघताना जी डावी-उजवी असते ती धरा. फोर्डच्या व्ही८ मध्ये उजव्या बाजूला पुढून मागे १ ते ४ आणि डाव्या बाजूला ५ ते ८ असतात, म्हणजे पाचवा हा डाव्या बाजूचा सर्वात पुढचा. शेव्हरोले आणि रॅमच्या व्ही८ मध्ये विषम क्रमांक डावीकडे आणि सम उजवीकडे, म्हणजे पाचवा हा डाव्या बाजूचा पुढून तिसरा. चांगल्या सिलिंडरची कॉइल बदलून "फरक पडला नाही" म्हणणाऱ्या गाड्या माझ्याकडे नेहमी येतात. तुमच्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये चित्र असतं, ते पाहून मगच पुढे जा.

क्रमांक बरोबर असेल तर अदलाबदल करा. नवा पार्ट आणू नका, आहेत तेच फिरवा. पाचव्याची कॉइल तिसऱ्यावर लावा आणि पाचव्याचा प्लग सातव्यात. कोड पुसा आणि ज्या परिस्थितीत त्रास होतो त्याच परिस्थितीत इंजिन चालवा, म्हणजे तुमच्या बाबतीत रात्रभर उभी ठेवून सकाळी. मिसफायर तिसऱ्यावर गेलं तर कॉइल, सातव्यावर गेलं तर प्लग, पाचव्यावरच राहिलं तर दोन्ही निर्दोष. दोन पार्ट दोन वेगळ्या ठिकाणी पाठवल्यामुळे एकाच फेरीत दोन उत्तरं मिळतात. नवी कॉइल म्हणून तिला आपोआप निर्दोष धरू नका. डब्यातून काढलेल्या कॉइलही सदोष निघतात. प्लग काढताना इंजिन थंड असू द्या, ॲल्युमिनियमच्या हेडमधले (सिलिंडरांवरच्या झाकणातले) आटे गरमपणी सहज जातात. कॉइलचं रबरी बूट आतून पाहा. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर किंवा बुटाच्या आत पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर ठिणगी तिथून हेडला पळतेय, आणि मग प्लग आणि बूट दोन्ही बदलावे लागतात.

अदलाबदलीत एक गोष्ट जागची हलत नाही, ती म्हणजे वायरिंग. कॉइलचा आणि इंजेक्टरचा कनेक्टर पाचव्याचाच राहतो. त्याची लॉकची कडी तुटलेली नाही ना, पिना हिरव्या पडल्या नाहीत ना, वायर एक्झॉस्ट मॅनिफोल्डला टेकून भाजली नाही ना, हे डोळ्यांनी पाहा आणि इंजिन चालू असताना हार्नेस हलवून पाहा. कंप्युटरवरचा संशय याच ठिकाणी मिटतो. इंजेक्टरच्या कनेक्टरला छोटा टेस्ट दिवा लावला आणि तो सेल्फ मारताना लुकलुकला, तर कंप्युटर आपलं काम करतोय. दिवा लुकलुकत नाही, आणि कनेक्टरपासून कंप्युटरपर्यंतची वायर अखंड असल्याचं मीटरने सिद्ध झालंय, तरच कंप्युटरकडे बोट दाखवायचं. असं फार क्वचित होतं. तुमच्याकडे रिकामी गाडी दिवसभर ठीक चालते, म्हणजे पाचव्याला सिग्नल मिळतोच आहे, म्हणून कंप्युटर माझ्या यादीत अगदी तळाला आहे.

इंजेक्टरचं काय करायचं हे तुमच्या इंजिनाच्या प्रकारावर अवलंबून आहे. इनटेक पोर्टमध्ये पेट्रोल सोडणारे इंजेक्टर असतील तर तेही कॉइलसारखे दुसऱ्या सिलिंडरवर फिरवून पाहता येतात. मीटरवर त्यांचा रोध बहुतेकदा ११ ते १८ ओहमच्या दरम्यान येतो, पण रोध बरोबर आला म्हणून इंजेक्टर चांगला असं होत नाही. इंजेक्टरच्या आतली कॉइल ठीक असूनही त्याचं तोंड चोंदलेलं असू शकतं. त्यासाठी प्रत्येक इंजेक्टर सारख्याच वेळेपुरता उघडून फ्युएल रेलचा दाब किती उतरतो ते मोजतात. सात इंजेक्टर एकसारखा दाब उतरवतात आणि पाचवा कमी उतरवतो, असं दिसलं तर पुरावा मिळाला. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणारं इंजिन असेल तर मात्र घरी अदलाबदल करू नका. तिथे रेलमध्ये दीडशे-दोनशे बारपर्यंत दाब असतो, आणि इंजेक्टर काढला की त्याची सील नवी, खास अवजाराने बसवावी लागते.

स्कॅनर साधा कोड वाचणाराच आहे की चालू आकडे दाखवणारा, हेही विचारून ठेवतो. दुसऱ्या प्रकारचा असेल तर तीन गोष्टी पाहा. कोड पडला त्या क्षणाची नोंद, म्हणजे इंजिनाचं तापमान, आरपीएम आणि लोड किती होते. प्रत्येक सिलिंडरचा मिसफायर काउंटर. आणि दोन्ही बाजूंचा फ्युएल ट्रिम, म्हणजे कंप्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय. ट्रिम वाचताना मोठी फसगत होते, ती सांगतो. सिलिंडर पेटला नाही की त्यातला ऑक्सिजन न वापरता बाहेर पडतो. ऑक्सिजन सेन्सरला तो दिसतो आणि कंप्युटरला वाटतं, मिश्रण पातळ आहे, म्हणजे पेट्रोल कमी आहे. मग तो त्या बाजूच्या चारही सिलिंडरना जास्त पेट्रोल द्यायला लागतो. स्कॅनरवर ट्रिम अधिक १० टक्क्यांच्या वर दिसतो, मेकॅनिक म्हणतो पेट्रोल कमी पडतंय, आणि पंप बदलला जातो. इथे मिसफायर हे कारण आहे आणि ट्रिम हा परिणाम. पंप खरंच कमजोर असता तर दोन्ही बाजू पातळ झाल्या असत्या आणि त्रास एका सिलिंडरपुरता राहिला नसता. इनटेकमधून हवा चोरत असेल तर ट्रिम आयडलला जास्त असतो आणि २५०० आरपीएमला बराच खाली येतो, तेही एकदा ताडून पाहा.

आता कूलंटकडे येतो, कारण माझा भर तिथे आहे.

रात्री इंजिन बंद होतं तेव्हा कूलिंग सिस्टीममध्ये दाब शिल्लक असतो, सिलिंडरमध्ये नसतो. हेड गॅस्केटला (हेड आणि ब्लॉकमधल्या सीलला) किंवा हेडला बारीक वाट असेल तर कूलंट त्या वाटेने सिलिंडरमध्ये झिरपतं. सकाळी प्लगच्या टोकावर ओल असते, ठिणगी नीट पडत नाही, इंजिन थरथरतं. मिनिटभरात ओल जळून जाते आणि इंजिन सुरळीत होतं. चढावर उलटं होतं: सिलिंडरमधला दाब कूलिंग सिस्टीमच्या कितीतरी पट होतो, तीच वाट उघडते आणि जळता वायू कूलंटमध्ये शिरतो. तुम्ही सांगितलेल्या दोन्ही वेळा या एका कारणाने उलगडतात. इंजेक्टरने किंवा कॉइलने त्या इतक्या सरळ उलगडत नाहीत आणि कूलंट का कमी होतं हे तर अजिबातच उलगडत नाही.

यासाठी पहिली तपासणी फुकट आहे. काढलेले जुने प्लग टाकून दिले नसतील तर आठही ओळीने मांडा. निरोगी सिलिंडरचा प्लग फिकट तपकिरी किंवा राखाडी असतो. काजळीने काळा म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी नाही, तेलकट ओला म्हणजे पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व सील. पाचव्याचा प्लग इतरांपेक्षा स्वच्छ, वाफेने धुतल्यासारखा असेल तर तो कूलंटकडे बोट दाखवतोय. प्लग कोणत्या सिलिंडरचा ते लिहून ठेवलं नसेल तर आत्ता बसवलेले काढून हेच करा.

दुसरी तपासणीही अवजाराविना होते. पूर्ण थंड इंजिन चालू करा आणि रेडिएटरचा वरचा होज हाताने दाबून पाहा. कूलंट गरम व्हायला वेळ लागतो, त्यामुळे पहिल्या मिनिट-दोन मिनिटांत होज मऊच राहायला हवा. इंजिन अजून थंड असताना होज दगडासारखा कडक झाला तर आत वायू शिरतोय. गरम इंजिनाचं झाकण मात्र कोणत्याही कारणाने उघडू नका.

तिसरी तपासणी प्रेशर टेस्टरची. थंड इंजिनावर रेडिएटरच्या झाकणाच्या जागी हातपंप लावून झाकणावर लिहिलेल्या मर्यादेपर्यंतच दाब भरायचा, तो साधारण १ बारच्या आसपास असतो. मग काही तास, जमल्यास रात्रभर तसंच ठेवायचं. काटा उतरला आणि बाहेर कुठे ओल नाही, तर गळती आतच आहे. सकाळी सगळे प्लग काढा, पेट्रोल आणि इग्निशन बंद करा, प्लगच्या भोकांसमोरून बाजूला व्हा आणि सेल्फ मारा. पाचव्यातून तुषार उडाला की निदान जवळजवळ पूर्ण झालं. त्याच भोकातून बोअरस्कोप (बारीक कॅमेरा) घालून पिस्टनचा माथा पाहा. इतर माथे कार्बनने काळे आणि पाचव्याचा धुऊन लख्ख, हे चित्र एकदा पाहिलं की विसरत नाही.

रासायनिक तपासणीही मिळते. रेडिएटरच्या तोंडातली हवा निळ्या द्रवातून ओढतात, आणि त्या हवेत जळलेल्या पेट्रोलचा कार्बन डायऑक्साइड असेल तर द्रव पिवळा पडतो. दोन पथ्यं आहेत. कूलंटची पातळी थोडी खाली घ्या, कारण द्रवात कूलंट ओढलं गेलं तर रंग भरवशाचा राहत नाही. आणि इंजिनाला जरा ओझं देऊन मगच तपासा. गळती बारीक असली तर नुसत्या आयडलिंगला ती उघडत नाही आणि द्रव निळाच राहतो. अशा निळ्या द्रवावर विश्वास ठेवून गॅस्केट ठीक ठरवलेल्या गाड्या मी पुन्हा उघडलेल्या आहेत.

तेलाच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली म्हणून लगेच घाबरू नका. थंडीत छोट्या फेऱ्या मारणाऱ्या निरोगी इंजिनातही ओल साचून तशी साय धरते. डिपस्टिकवरचं तेलच दुधाळ झालं असेल तर गोष्ट वेगळी. आणि तेल स्वच्छ आहे म्हणून हेड गॅस्केट चांगली असंही धरू नका, कारण पाण्याची वाट सिलिंडरकडे उघडली असली तरी तेलाच्या वाटेपासून ती दूर असू शकते.

यानंतर कॉम्प्रेशन (सिलिंडर किती दाब तयार करतो) आणि लीकडाउन (भरलेली हवा किती निसटते). कॉम्प्रेशन मोजताना आठही प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडं, पेट्रोल-इग्निशन बंद, बॅटरी भरलेली, आणि प्रत्येक सिलिंडरला सारखेच फेरे द्यायचे. आकडा इंजिनागणिक बदलतो. बहुतेक निरोगी पेट्रोल इंजिनांत तो १५० ते २०० पीएसआयच्या दरम्यान दिसतो, पण मी आकड्यापेक्षा तफावत बघतो. सर्वात कमी सिलिंडर सर्वात जास्तीच्या ७५ टक्क्यांच्या खाली गेला तर तो दोषी. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा गळतायत, चढला नाही तर व्हॉल्व किंवा गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकत्र कमी आले तर त्यांच्यामधली गॅस्केट गेली आहे.

तुमच्याकडे कॉम्प्रेशन कदाचित ठीकच येईल आणि मेकॅनिक म्हणेल, बघा, इंजिन उत्तम आहे. त्यावर थांबू नका. कूलंटची बारीक वाट सेल्फच्या वेगाला फारसा दाब सोडत नाही, म्हणून मी लीकडाउनला जास्त मानतो. पाचवा सिलिंडर कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणायचा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व बंद. प्लगच्या भोकातून साधारण १०० पीएसआयची हवा सोडायची आणि किती टक्के निसटते ते पाहायचं. १० टक्क्यांपर्यंत छान, २० पर्यंत वय झालेल्या इंजिनाला चालतं, ३० च्या पुढे निश्चित बिघाड. पण टक्क्यांपेक्षा हवा कुठून निसटते ते ऐकणं मोलाचं. थ्रॉटलमधून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व, तेलाच्या भोकातून आली तर रिंगा. आणि रेडिएटरचं तोंड उघडं ठेवलंय तिथे बुडबुडे आले, सायकलची ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधताना येतात तसे, तर गॅस्केट किंवा हेडला तडा. हवा सोडण्याआधी क्रँकच्या बोल्टवरचा पाना काढायला विसरू नका; पिस्टन जरा जरी खाली असेल तरी हवेच्या जोराने क्रँक गर्रकन फिरतो आणि पाना हातावर येतो.

इथपर्यंतचा क्रम एका दमात सांगायचा तर: सिलिंडरचा क्रमांक पक्का करा, प्लग-कॉइल फिरवा, कनेक्टर पाहा, जुने प्लग मांडा, होज दाबून पाहा, रात्रभर प्रेशर टेस्ट, मग लीकडाउन. बहुतेक वेळा शेवटपर्यंत जावं लागत नाही, मध्येच उत्तर सापडतं.

कूलंट सिलिंडरमध्ये जातंय हे सिद्ध झालं तरी लगेच हेड उतरवू नका. काही व्ही इंजिनांत इनटेक मॅनिफोल्डमधूनही कूलंट वाहतं. तिथली गॅस्केट गेली तर कूलंट इनटेक पोर्टमधून पाचव्यात ओढलं जातं आणि सकाळची लक्षणं बरीचशी अशीच दिसतात. अनेक नव्या व्ही८ मध्ये मॅनिफोल्ड कोरडं असतं, त्यातून कूलंट जात नाही, त्यामुळे तुमचं इंजिन कोणतं यावर हे ठरेल. मॅनिफोल्ड ओलं असेल तर आधी ते काढून पोर्ट पाहा, कारण ते काम हेडच्या तुलनेत किरकोळ आहे. लीकडाउनमध्ये रेडिएटरला बुडबुडे आले असतील तर मात्र मॅनिफोल्ड संशयातून सुटलं, कारण व्हॉल्व बंद असताना सिलिंडरची हवा तिथे पोचूच शकत नाही.

हेड उतरवावंच लागलं तर कामाचा दर्जा काही ठरावीक जागी कळतो. हेडचा पृष्ठभाग सरळपट्टी आणि फीलर गेजने आडवा, उभा आणि तिरका तपासला गेला पाहिजे. अनेक ॲल्युमिनियम हेडना ०.०५ ते ०.१ मिलिमीटरच्या आसपासच मुभा असते. नेमकी मर्यादा मॅन्युअलची धरा. तडा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून हेड प्रेशर टेस्टला पाठवा, आणि फेसिंग (पृष्ठभाग घासून सपाट करणं) त्यानंतर. जुनी गॅस्केट काढायला ग्राइंडरची खरखरीत चकती लावू देऊ नका. त्याने ॲल्युमिनियमला खळगे पडतात आणि उडालेली बारीक भुकटी तेलातून बेअरिंगपर्यंत जाते. बोल्ट ताणून बसवायच्या प्रकारचे असतील तर ते एकदाच वापरायचे, पुन्हा नाहीत. ब्लॉकमधली बोल्टची भोकं हवेने कोरडी करून घ्या. तळाशी तेल किंवा कूलंट राहिलं तर बोल्ट आवळताना ब्लॉकच तडकू शकतो. आवळण्याचा क्रम, टॉर्क आणि अंश तिन्ही मॅन्युअलप्रमाणे. दुसऱ्या बाजूची गॅस्केटही बदलावी का, असा प्रश्न येईलच. इंजिन कधी ओव्हरहीट झालं असेल तर मी दोन्ही करतो. झालं नसेल आणि दुसऱ्या बाजूचं लीकडाउन छान असेल तर एकच पुरते.

रेडिएटरमध्ये ओतायचं गळती बंद करणारं औषध वापरावं का, असं कुणीतरी सुचवेलच. मी या कामासाठी ते वापरत नाही. ज्या वाटेवर सिलिंडरचा पूर्ण दाब येतो तिथे ते टिकत नाही, आणि हीटर आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या मात्र बुजवतं.

आता समजा वरच्या सगळ्या तपासण्यांत कूलंट निर्दोष निघालं, दाब धरून राहिला, पिस्टन काळाच दिसला. तर कूलंट बहुधा वॉटर पंपाच्या छिद्रातून किंवा होजच्या जोडातून गरमपणी झिरपून वाळतंय, आणि मिसफायरचं कारण वेगळं आहे. तेव्हा मी व्हॉल्व्हच्या बाजूला वळेन. काही व्ही८ इंजिनं हलक्या ओझ्याला निम्मे सिलिंडर बंद ठेवतात. त्यांचे खास लिफ्टर (कॅमच्या जोराने व्हॉल्व उचलणारे भाग) अडकतात किंवा खचतात आणि कॅम झिजवतात. सकाळी टकटक आवाज येत असेल तर हा संशय पक्का होतो. व्हॉल्व कव्हर काढून सेल्फवर इंजिन फिरवा आणि पाचव्याचे रॉकर (व्हॉल्व दाबणारे आडवे हात) शेजाऱ्यांइतके उचलले जातात का ते मोजा. तुटलेली व्हॉल्व स्प्रिंगही याच वेळी दिसते. ती आयडलला निभावून नेते आणि ओझ्याला किंवा जास्त आरपीएमला दगा देते.

डिझेल पिकअपवाल्यांसाठी एकच सूचना, कारण ही चर्चा तेही वाचतील. जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनांत एकेका इंजेक्टरचा पाइप सैल करून कोणता सिलिंडर काम करत नाही ते शोधायचे. सगळ्या इंजेक्टरांना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या कॉमन रेल इंजिनावर हे कधीही करू नका. तिथे दाब हजार बारच्या पुढे जातो, फवारा कातडी भेदून आत शिरतो, आणि ती जखम बाहेरून टिपकाएवढी दिसली तरी तातडीच्या शस्त्रक्रियेची असते. तिथे स्कॅनरवरचे सिलिंडर करेक्शनचे आकडे आणि इंजेक्टरचं रिटर्न मोजणं, हाच मार्ग.

दुरुस्तीनंतर चार कामं राहतात आणि ती टाळली की माणूस पुन्हा गॅरेजच्या दारात येतो. कूलंट तेलात थोडं जरी गेलं असेल तरी बेअरिंग खातं, म्हणून तेल आणि फिल्टर बदला, आणि काही शे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा बदला. कूलंट भरताना सिस्टीममधली हवा नीट काढा, नाहीतर हवेचा कप्पा राहून इंजिन आणि नवी गॅस्केट पहिल्याच चढावर तापेल. डावीकडचा ऑक्सिजन सेन्सर आणि कन्व्हर्टर तपासा, कारण इतके दिवस त्यांनी न जळलेलं पेट्रोल आणि कूलंट दोन्ही सोसलंय. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या जागी प्रेशर गेज लावून आयडलला दाब सव्वा पीएसआयच्या वर दिसला तर कन्व्हर्टर तुंबलाय. आणि कोड पुसल्यावर कंप्युटरला क्रँकच्या वेगाची नवी मोजणी शिकवायची गरज तुमच्या गाडीला आहे का, हे मॅन्युअलमध्ये पाहा. काही गाड्यांत क्रँक सेन्सर काढला-घातला असेल तर ती लागते, नाहीतर चांगल्या इंजिनावरही खोटे मिसफायर मांडले जातात.

मग थंड इंजिनावर कूलंटच्या टाकीवर पातळीची खूण करा, ट्रेलर जोडा, तोच चढ चढा आणि शेजारी बसणाऱ्याला मिसफायर काउंटर वाचायला सांगा. पाचव्याचा आकडा शून्यावर राहिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कूलंट खुणेवरच असलं, तर काम झालं. लीकडाउन केल्यावर किती टक्के आले आणि फुसफुस कुठून ऐकू आली, हे इथे लिहा. इंजिनाचं मॉडेलही लिहा. त्यावरून मॅनिफोल्ड आधी काढायचं की थेट हेड, हे मला नेमकं सांगता येईल.